सहीचा भरवसा

दुसरे महायुद्ध अजून संपायचे होते, तेव्हा ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत ५२ देशांनी नागरी उड्डाणाच्या करारावर सह्या केल्या. पारतंत्र्यातला भारतही त्यांत होता. त्या कराराची आठवण म्हणून जगभर हा दिवस आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण दिन म्हणून पाळला जातो. करारातले २९ वे कलम फारसे कुणाच्या वाचनात येत नाही. देशाची सीमा ओलांडणाऱ्या विमानात कोणकोणते कागद असलेच पाहिजेत, याची यादी त्यात आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, कर्मचाऱ्यांचे परवाने, प्रवासाची नोंदवही हे सारे त्या यादीत येते. उद्याच्या आकाशाचा विचार करायला बसलेल्या त्या मंडळींनी पंख आणि इंजिनाच्या बरोबरीने कागदाला स्थान दिले. त्यात किती शहाणपण होते, हे २०२५ च्या नोव्हेंबरने पुन्हा दाखवून दिले.

२६ नोव्हेंबरला एअर इंडियाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, एक गोष्ट कळवली. कंपनीचे एक एअरबस ए३२० विमान २४ आणि २५ नोव्हेंबरला प्रवासी घेऊन आठ फेऱ्या करून आले होते आणि त्या वेळी त्याच्या एआरसीची मुदत संपलेली होती. एआरसी म्हणजे विमानाच्या उड्डाणयोग्यतेची फेरतपासणी झाल्याचे प्रमाणपत्र. विस्तारा कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिची ७० विमाने नव्या मालकाकडे आली. विलीनीकरणानंतरचे या विमानांचे पहिले एआरसी डीजीसीएने स्वतः द्यायचे होते. ६९ विमानांना ते मिळाले. सत्तराव्याचा अर्ज गेला होता, पण मध्येच ते विमान इंजिन बदलण्यासाठी उभे करावे लागले. ते उभे असतानाच जुन्या प्रमाणपत्राची मुदत सरली. नवे इंजिन बसले, विमान सेवेत सोडले गेले आणि मुंबई-दिल्लीपासून रायपूरपर्यंतचा कोणताही प्रवासी बसतो तसे प्रवासी त्यात बसले. डीजीसीएने विमान जमिनीवर ठेवायला सांगितले, चौकशी लावली, संबंधितांना कामापासून दूर करण्यात आले.

बातमी वाचून अनेकांच्या मनात एकच प्रश्न आला असेल. विमान चांगले होते, इंजिन नवे बसवलेले होते, आठही फेऱ्या सुखरूप झाल्या; मग एका कागदाची तारीख उलटली म्हणून एवढा गहजब कशासाठी? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. कारण कागदाच्या चुकीला आपण 'नुसती कागदाची चूक' म्हणून जोवर सोडून देतो, तोवर विमानाच्या सुरक्षेचा पायाच आपल्याला कळलेला नसतो.

एआरसी देताना अधिकारी नेमके काय पाहतो? तो विमानाभोवती फेरी मारतो, पण त्याआधी आणि त्याहून अधिक वेळ तो दप्तर चाळतो. ठरलेल्या तपासण्या वेळेवर झाल्या का, उत्पादकाने आणि नियामकाने काढलेले बंधनकारक आदेश अमलात आले का, बदललेल्या भागांचे अनुक्रमांक आणि प्रत्यक्ष विमानात बसलेले अनुक्रमांक जुळतात का, कशाचे आयुष्य संपत आले आहे, हे सारे तो नोंदींवरून ठरवतो. आपल्याकडे जमीन डोळ्यांसमोर असली, तरी व्यवहार सातबाऱ्यावर होतो, तसेच हे. फरक एवढाच की सातबारा चुकला तरी जमीन जागेवर राहते, तिच्यावर पीक येते. विमानाची नोंद चुकली, तर ते विमान आकाशात न्यावे की नाही हे सांगणारा माणूसच उरत नाही.

इंजिनाचेच उदाहरण घ्यावे. आतल्या काही फिरत्या चकत्यांचे आयुष्य उड्डाणांच्या फेऱ्यांत मोजतात. ठरलेल्या फेऱ्या भरल्या की चकती बाहेर काढायची, मग ती कितीही चकचकीत दिसो. धातूच्या पोटात साठलेला शीण डोळ्यांना दिसत नाही. तो फक्त नोंदीत दिसतो. म्हणून अशा भागाचा कारखान्यातून निघाल्यापासूनचा अखंड इतिहास मागितला जातो. मधली एक कडी जरी गहाळ झाली, तरी लाखो रुपयांचा भाग भंगाराच्या किमतीचा होतो. आणि नोंदवताना कुणाच्या हातून आकड्यांची अदलाबदल झाली, तर आयुष्य संपलेला भाग नव्या उमेदीने उडत राहतो. अशा वेळी कागदातली चूक हीच यंत्रातली चूक असते.

रायपूरकरांना ही गोष्ट इतरांपेक्षा जवळची वाटायला हवी. माना येथील आपल्या स्वामी विवेकानंद विमानतळावर विमाने येतात, प्रवासी उतरतात, नवे चढतात आणि थोड्याच वेळात विमान पुन्हा धावपट्टीकडे निघते. विमानांची मोठी देखभाल इथे होत नाही. ती दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद येथे होते, किंवा आपल्या शेजारच्या नागपुरात होते. तिथे मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेला देखभाल तळ २०१५ पासून चालू आहे. पूर्वी आझाद हिंद किंवा हावडा मेलने पुण्या-मुंबईला जाणारी आपली माणसे आता विमानाने जातात. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई, सुट्टीत नातवंडांना घेऊन येणारे आजोबा, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला पुण्याहून येणारा गायक, हे सगळे ज्या विमानात बसतात, त्याचे पोट कुठे उघडले आणि कुणी बंद केले, हे इथे कुणीच पाहिलेले नसते. रायपूरला विमानाबरोबर येतो तो फक्त त्या कामाचा लेखी पुरावा.

तो पुरावा कसा असतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक विमानात एक टेक लॉग असतो. उड्डाणात वैमानिकाला काही बिघाड जाणवला, की तो त्यात 'स्नॅग' म्हणून लिहितो. अभियंता दुरुस्ती करतो आणि त्याच पानावर काय केले ते लिहितो. मॅन्युअलच्या कोणत्या प्रकरणानुसार केले ते लिहितो. भाग बदलला असेल तर काढलेल्या आणि बसवलेल्या भागाचे क्रमांक लिहितो. शेवटी स्वतःच्या परवान्याच्या क्रमांकासह सही करतो. ती सही झाल्याशिवाय विमान सेवेत 'रिलीज' होत नाही. दुरुस्ती लगेच शक्य नसेल, तर अभियंता एमईएल नावाची मान्य यादी उघडतो. कोणते उपकरण बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस विमान उडू शकते, हे त्या यादीत दिलेले असते. 'बी' वर्गातला बिघाड ३ दिवसांत, 'सी' वर्गातला १० दिवसांत, 'डी' वर्गातला १२० दिवसांत दूर करावाच लागतो. पुढचा वैमानिक हे पान वाचतो, पटले तर विमान स्वीकारल्याची सही करतो. जिथे कागदी लॉग आहे, तिथे निघण्याआधी पानाची एक प्रत जमिनीवर ठेवली जाते. विमानाचे काही बरेवाईट झाले तरी शेवटची नोंद वाचावी, म्हणून. इतक्या गंभीर हेतूने ठेवलेल्या पानाला कारकुनी म्हणणे हा अडाणीपणा आहे.

नोंदींची साखळी तुटली की विमानाचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या विमानतळावर दहा वर्षांहून अधिक काळ उभे आहे. ७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेले बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचे एमडी-८३ विमान इंजिन बिघडल्याने रायपूरला तातडीने उतरले. आतले १७३ जण सुखरूप राहिले. वैमानिकांचे आणि आपल्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांचे ते यश होते. प्रवासी दुसऱ्या विमानाने मार्गस्थ झाले, पण हे विमान मागे राहिले. २०१६ मध्ये कंपनीच बंद पडली. पत्रव्यवहार झाला, नोटिसा गेल्या, तासाला ३२० रुपये या दराने पार्किंगची थकबाकी चढत चढत चार कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या. आज त्या सांगाड्याकडे पाहून त्याला विमान म्हणायला कुणी अभियंता धजावणार नाही. ऊनपावसाने धातूचे जे केले ते केलेच. पण त्याआधी, त्याच्या देखभालीच्या वहीत नवी ओळ पडणे ज्या दिवशी थांबले, त्याच दिवशी ते उडण्याच्या लायकीचे राहिले नाही.

याची दुसरी बाजू नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्यात समोर आली. तिथे १३ वर्षे उभे असलेले, ४३ वर्षांचे एक बोइंग ७३७ विमान आपले आहे, हेच एअर इंडियाच्या दप्तरातून गळून गेले होते. विमानतळाने ते हलवायला सांगितले, तेव्हा कंपनीला त्याचा पत्ता लागला. इंडियन एअरलाइन्स, अलायन्स एअर, मग टपालाची मालवाहतूक असा प्रवास करत ते २०१२ मध्ये सेवेबाहेर गेले आणि विलीनीकरण, खासगीकरण अशा उलथापालथींत नोंदींच्या फटीतून निसटले. आता ते बंगळुरूला नेले आहे. तरुण अभियंते त्याच्यावर काम शिकतील. तेवढे तरी चांगले झाले. पण एवढे मोठे विमान ज्या दप्तरांतून निसटू शकते, त्यांतून एखादी तारीख, एखादा क्रमांक, एखादी सही निसटणे किती सोपे असेल, याचा विचार प्रत्येक कंपनीने करायला हवा. विस्ताराचे सत्तरावे विमान आणि कोलकात्याचे हे विमान, दोन्ही घटनांत मालकी आणि दप्तर एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. नोंदी हरवतात त्या बहुधा अशा हस्तांतराच्या वेळीच.

हस्तांतर कंपन्यांचे असते, तसे पाळ्यांचेही असते. कॉन्टिनेन्टल एक्स्प्रेसच्या अपघाताची कहाणी प्रत्येक देखभाल अभियंत्याला शिकवली जाते; ती सामान्य प्रवाशानेही ऐकावी अशी आहे. १० सप्टेंबर १९९१ ची रात्र. अमेरिकेत ह्यूस्टनच्या हँगरमध्ये एम्ब्राएर १२० जातीचे एक छोटे विमान उभे होते. शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ झाडून टाकणारे रबरी पट्टे असतात. ते दोन्ही बाजूंचे बदलायचे होते. संध्याकाळच्या पाळीने उजव्या बाजूला हात घातला. मदतीला म्हणून वर चढलेल्या एका तपासनिसाने उजवीकडच्या वरच्या अंगाचे स्क्रू काढले आणि पुढे जाऊन डावीकडचेही काढून ठेवले. डावीकडचे ते स्क्रू ४७ होते. पाळी संपली. पट्टे काढायला मदत केली, एवढी ओळ त्याने पाळीच्या वहीत लिहिली आणि तो घरी गेला. पुढच्या पाळीचा तपासनीस लवकर आला होता. ती ओळ लिहिली जाण्याआधीच त्याने वही वाचून मिटली होती.

रात्रपाळीने उजव्या बाजूचे काम नीट पुरे केले. डाव्या बाजूचे काम त्या रात्री होणार नाही, असे ठरले. ज्याला डावीकडचे वरचे स्क्रू काढल्याचे ठाऊक होते, तो हजर नव्हता. जे हजर होते, त्यांना ते ठाऊक नव्हते. शेपटीची वरची बाजू जमिनीवरून दिसत नाही. सकाळी ते विमान लारेडोला गेले आणि परतीच्या वाटेवर, ह्यूस्टनकडे उतरत असताना, डावी कड सुटून गेली. विमान हवेतच मोडले. चौदा जण मेले. त्या रात्रीच्या कुणाच्याही मनात पाप नव्हते. मदत करायला चढलेला माणूस तर कामसूच म्हणावा लागेल. वहीतल्या त्या ओळीत 'डावीकडचेही स्क्रू काढले आहेत' एवढे आणखी असते आणि ती वेळेवर वाचली गेली असती, तर ते विमान उडालेच नसते.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ठपका ठेवला तो ठरलेली कार्यपद्धती न पाळणाऱ्या देखभाल आणि तपासणी विभागांवर आणि त्यांच्यावर देखरेख करण्यात कमी पडलेल्या नियामकावर. मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी त्यापुढे जाऊन स्वतंत्र मत नोंदवले. सुरक्षेला मान देणारी संस्कृती कंपनीत रुजवण्यात वरिष्ठ व्यवस्थापन कमी पडले, हे मूळ कारण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा ते एकट्याचे मत होते. आज जगातले सगळे उड्डाण नियामक हीच भाषा बोलतात.

बोलतात, पण पाळतात का? ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या नव्याकोऱ्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाचा दाराच्या जागी बसवलेला एक भाग हवेत निखळून पडला. आत १७७ माणसे होती. सगळी वाचली, हे नशीब. तो भाग धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी तो उघडण्यात आला होता, मात्र उघडल्याची नोंद कुणी केली नाही. उघडल्याची नोंद नाही, म्हणून बंद केल्यावर तपासण्याचे कामही कुणाच्या यादीत आले नाही. तपास करणाऱ्यांनी बोइंगकडे कागद मागितले, तेव्हा देण्यासारखा कागदच नव्हता. ह्यूस्टनच्या हँगरनंतर बत्तीस वर्षांनी, संगणकांच्या युगात, जगातल्या आघाडीच्या कारखान्यात तीच चूक झाली.

त्यामुळे 'सगळे डिजिटल करा म्हणजे प्रश्न मिटेल' या म्हणण्यावर आमचा विश्वास नाही. संगणक उपयोगी आहे. तारीख जवळ आली की तो आठवण करून देतो, हस्ताक्षर वाचता आले नाही हा प्रश्न संपवतो. पण त्याच्यात जे भरले असेल, तेच तो सांगतो. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका ए३२० विमानात युरोपीय नियामकाच्या आदेशानुसार इंजिनाचे काही भाग ठरलेल्या मुदतीत बदलायचे होते. ते मुदतीत बदलले गेले नाहीत आणि नोंदींत मात्र काम झाल्याचे दाखवले गेले, म्हणून डीजीसीएने मार्च २०२५ मध्ये कंपनीला सुनावले. जुलैत रॉयटर्सने ही बातमी दिली. देखरेखीच्या संगणक प्रणालीत नोंदी स्थलांतरित होताना तारीख नजरेतून सुटली, असे कंपनीने सांगितले, चूक मान्य केली आणि संबंधितांवर कारवाई केली. तारीख सुटणे ही चूक आहे. न झालेले काम झाल्याचे दाखवणे ही चूक नव्हे, तो अपराध आहे. या दोन्हींना एकाच तराजूत तोलले, तर दोन्हीकडे अन्याय होतो.

हा फरक कायद्याने आणि व्यवहाराने ठसठशीत ठेवला पाहिजे. भुललेल्या माणसाला शिक्षेची धास्ती घातली, तर तो पुढच्या वेळी भूल लपवेल. लपवताना खोटी सही करेल आणि भुलीचा अपराध होईल. म्हणून स्वतःहून चूक सांगणाऱ्याला अभय आणि खोटी नोंद करणाऱ्याला, करवून घेणाऱ्याला कठोर शासन, अशी दोन टोके स्पष्ट हवीत. करवून घेणाऱ्याला हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. खोटी सही करणारा हात दिसतो; 'विमान सकाळी सहाला हवेच' म्हणणारा फोन दिसत नाही. एअर इंडियाने एआरसीची बाब नियामकाला कळवली, हे त्या दृष्टीने योग्य झाले. पण कामावरून दूर केलेल्या चार-दोन नावांवर ही चौकशी थांबली, तर सत्तरावे विमान सुटले कसे, हे कळणार नाही आणि एकाहत्तरावेही असेच सुटेल.

आपल्या भागातल्या लोकांना पाळी, वही आणि परवानगीचा अर्थ शिकवायला नको. भिलाईच्या पोलाद कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या काम केलेली मराठी कुटुंबे रायपूर-दुर्गमध्ये आहेत. पाळी बदलताना वही वाचल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, शटडाउनचा परवाना हातात आल्याशिवाय वाहिनी उघडायची नाही, हे त्यांच्या घरात लहानपणापासून ऐकलेले असते. त्या कारखान्याने जून २०१४ मधली वायुगळती पाहिली, ऑक्टोबर २०१८ मधली आगही पाहिली; दोन्ही वेळा कामावर गेलेली माणसे घरी परतली नाहीत. मोठ्या यंत्राशी काम करणारे कोणतेही गाव हे जाणते की आपल्याआधीच्या पाळीने लिहिलेल्या शब्दावर आपला जीव असतो. विमानाच्या अभियंत्यांनाही हेच माहीत आहे. त्यांना ते पाळू दिले जाते का, एवढाच प्रश्न आहे.

कारण या क्षेत्रातला दुसरा आक्षेपही खरा आहे. कागद आधीच फार झाला आहे, असे अभियंते म्हणतात. प्रत्येक घटनेनंतर एक नवा रकाना वाढतो, एक नवी सही वाढते. पहाटे तीन वाजता, हँगरच्या पिवळट उजेडात, हाताला तेल लागलेले असताना, तपासणीच्या कार्डावर ओळीने सह्या करायच्या असतात आणि बाहेर पहिल्या उड्डाणाची वेळ जवळ येत असते. अशा वेळी प्रत्येक ओळ वाचून सही करणारा माणूस टिकतो तो स्वतःच्या निष्ठेवर. पण निष्ठेवर किती भार टाकायचा? सह्या जितक्या वाढतात, तितकी एकेका सहीची किंमत उतरते. न बघता सही मारण्याची सवय लागते ती इथेच. यावर उपाय आणखी एक रकाना हा असूच शकत नाही. उपाय आहे तो वेळ आणि माणसे देण्याचा.

लिहिणाऱ्याला वेळ हवा, तसा वाचणाऱ्यालाही हवा. २०२३ मध्ये लंडनच्या एका पुरवठादाराने खोट्या प्रमाणपत्रांसह इंजिनाचे हजारो सुटे भाग जगभर विकल्याचे उघड झाले. त्याचा सुगावा लागला तो पोर्तुगालच्या टॅप या विमान कंपनीच्या देखभाल विभागाला, कारण हातातला भाग कागदावरच्या वर्णनापेक्षा जुना दिसतो, हे तिथल्या माणसांनी टिपले. कागद आणि वस्तू समोरासमोर ठेवून पाहणारी डोळ्यांची एक जोडी हजेरीवर असणे, हीच खरी सुरक्षा. घाईने दमलेले डोळे हे पाहू शकत नाहीत.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशाने माणसे कमी ठेवण्याचा परिणाम भोगला. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी यासाठीच्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, इंडिगोची, तयारी झालेली नव्हती. ५ डिसेंबरला एकाच दिवशी त्यांच्या हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. विमानतळांवर लोक रात्र रात्र बसून राहिले. शेवटी नियमांतूनच कंपनीला तात्पुरती सवलत देण्यात आली. नियम बरोबर होता, पूर्वसूचना होती, तरी माणसे नव्हती म्हणून तो वाकवावा लागला. वैमानिकांच्या थकव्याची निदान चर्चा तरी झाली. रात्रपाळीतल्या अभियंत्याच्या थकव्याबद्दल कोण बोलते? विमान उडवणारा थकलेला चालत नाही, तर ते उडवण्यालायक आहे असे लिहून देणारा थकलेला कसा चालतो?

माणसांची हीच वानवा नियामकाकडेही आहे. डीजीसीएतली जवळपास निम्मी मंजूर पदे रिकामी असल्याकडे संसदेच्या स्थायी समितीने २०२५ मध्ये बोट दाखवले. विमानांचा ताफा दरवर्षी वाढतो, नवी विमानतळे उघडतात, आणि दप्तर तपासायला बसणारी माणसे तेवढीच राहतात. ज्या वर्षी १२ जूनला अहमदाबादेतल्या विमान अपघातात २६० माणसे गेली, त्या वर्षी तरी ही रिकामी खुर्ची सगळ्यांना टोचायला हवी होती. त्या अपघाताचे अंतिम कारण अजून यायचे आहे आणि ते येईपर्यंत कुणी निकाल देऊ नये. पण प्राथमिक अहवालातली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. इंधनाच्या स्विचचे कुलूप तपासावे, अशी अमेरिकी नियामकाची २०१८ ची सूचना 'सल्ला' या स्वरूपाची होती. बंधनकारक नव्हती, म्हणून ती तपासणी झालेली नव्हती. अपघाताचा तिच्याशी संबंध आहे असे अहवाल म्हणत नाही. जुलैत मात्र डीजीसीएने तीच तपासणी सर्वांना सक्तीची केली. सल्ल्याचा कागद कोण वाचतो, तो पाळायचा नसेल तर का नाही हे कोण लिहून ठेवतो, हे ठरवण्यासाठी अपघाताची वाट पाहावी लागू नये.

आमच्या मागण्या साध्या आहेत. देखभाल अभियंत्यांच्या कामाच्या तासांना आणि सलग रात्रपाळ्यांना वैमानिकांप्रमाणेच बंधनकारक मर्यादा घालावी. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसे विमानापाशी एकत्र उभी राहतील एवढा वेळ वेळापत्रकातच राखावा, आणि अर्धवट काम त्याच वेळी त्याच ठिकाणी लिहिले जाईल असे पाहावे. कंपन्यांचे विलीनीकरण किंवा संगणक प्रणालीचे स्थलांतर झाले, तर प्रत्येक विमानाचे दप्तर प्रत्यक्ष विमानाशी ताडून पाहिल्याशिवाय ते सेवेत घेऊ नये. डीजीसीएची पदे भरावीत. त्याला खर्च येतो, हे कारण कुणी पुढे करू नये.

आणि त्या सत्तराव्या विमानाच्या चौकशीचा अहवाल पूर्ण प्रसिद्ध व्हावा. कुणाला किती दंड झाला, एवढी ओळ पुरेशी नाही. इंजिन बदलून झाल्यावर रिलीजची सही करणाऱ्यासमोर कोणती यादी होती, त्या यादीत एआरसीच्या तारखेचा रकाना होता का, असेल तर तो पाहायला त्याला किती वेळ मिळाला, अर्ज आणि विमान या दोन्हींची खबर ठेवणारा एक तरी माणूस कंपनीत होता का, हे देशातल्या प्रत्येक हँगरला कळले पाहिजे. रायपूरहून उडणाऱ्या प्रवाशाला हे तपासता येत नाही. तो तिकीट काढतो तेव्हा न पाहिलेल्या शेकडो सह्यांवर भरवसा ठेवतो. त्या सह्या खऱ्या राहतील अशी परिस्थिती निर्माण करणे हे कंपन्यांचे आणि सरकारचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडले जाते की नाही हे विचारत राहणे हा आपला हक्क आहे. तो आपण सोडता कामा नये.